अक्षरांचें स्थलांतर

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना आपण ग्रंथकारांचीं नांवें लिहितों. ते ग्रंथ एका पानावरून दुसऱ्या पानावर ज्यांनीं उतरविले त्यांचीं लिहीत नाहीं. पोथीची प्रत करणारा, मोडी दप्तर बाळबोधींत आणणारा, छापखान्यांत खिळे जुळविणारा, हे सारे लोक वाङ्मयाच्या दाराबाहेरच उभे राहिले आहेत. तथापि कोणताहि ग्रंथ आपल्या पहिल्या प्रतीपेक्षां अधिक जगतो तो यांच्याच हातून. गेल्या चाळीस वर्षांत या मंडळींत एका नव्या कामकऱ्याची भर पडली आहे. जुन्या संगणकावर सांठविलेलीं अक्षरें नव्या संगणकास वाचतां यावींत म्हणून रूपांतराचे प्रोग्रॅम लिहिणारा, आणि ते प्रोग्रॅमहि जुने झाले म्हणजे त्यांस एका संगणकीय भाषेंतून दुसरींत नेणारा, असा हा मनुष्य आहे. त्याच्या कामाचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असा आमचा हेतु आहे.

विषय दूरचा वाटेल, पण तो आमच्या दारांतलाच आहे. ज्या रामदासपेठेंत बसून आम्ही हें लिहीत आहों तेथें नागपूर विद्यापीठाचें ग्रंथालय आहे. आणि ज्याच्या संपादकपदावरून ग. त्र्यं. माडखोलकरांनीं १९४४ पासून लेखन केलें त्या 'तरुण भारत' दैनिकाचें नांवहि याच पेठेशीं जोडलेलें आहे. माडखोलकरांचा मजकूर शिशाच्या खिळ्यांनीं कागदावर उमटला. तो कागद शाबूत आहे तोंवर कोणाहि साक्षर माणसास तो वाचतां येईल. याच्या उलट १९८५ ते २००५ या वीस वर्षांत सुशिक्षित घरांतून जें मराठी संगणकावर लिहिलें गेलें, म्हणजे वडिलांच्या आठवणी, प्रबंध, कुलवृत्तान्त, संस्थांचे अहवाल, तें आज उघडावयास गेलें तर पुष्कळदां पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो; तो वाचण्याची किल्ली हरवलेली असते. साठ वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र वाचतां यावें आणि पंचवीस वर्षांपूर्वींची फ्लॉपी वाचतां येऊं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

असला प्रसंग मराठीवर पहिल्यानेंच आला आहे असें मात्र नाहीं. विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें तेव्हां त्यांत मराठीसाठीं नागरी खिळे वापरले होते. १८१० च्या कोशास मात्र मोडीचे खिळे पाडण्यांत आले, कारण व्यवहाराची लिपि ती होती. पुढें छपाईनें बाळबोध पत्करली. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस पंचांग छापलें. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील सुबक नागरी टाइपाची कीर्ति देशभर झाली. छापखान्याबाहेर राहिलेली मोडी हळूहळू शाळेंतूनहि गेली. परिणाम असा झाला कीं, आपल्याच पणजोबांचा खरेदीखताचा कागद वाचावयास आज जाणकार शोधावा लागतो. नवें पत्करतांना जुनें पुढें नेण्याची तजवीज केली नाहीं म्हणजे काय होतें, याचें हें घरचें उदाहरण आहे.

आतां संगणकाकडे वळूं. नागरी खिळ्यांच्या पेटींत ध्वनि नसत, आकार असत. पूर्ण 'स'चा खिळा वेगळा, अर्ध्या 'स'चा वेगळा, वेलांटीचा वेगळा. जुळारी डोळ्यांस दिसेल त्या क्रमानें ते लावी. 'स्थिति' हा शब्द जुळवितांना पहिली वेलांटी आधीं, मग अर्धा 'स', मग 'थ' असा क्रम लागे. उच्चारांत मात्र तो इकार 'स' आणि 'थ' या दोहोंच्याहि नंतर येतो. 'धर्म' या शब्दांत रफार 'म'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारांत 'र' हा 'म'च्या आधीं आहे. वाचणारा मनुष्य असतो तोंवर या भेदानें कांहीं बिघडत नाहीं. ज्या यंत्रास शब्द शोधावयाचे आहेत, कोशाप्रमाणें अनुक्रमानें लावावयाचे आहेत, त्यास मात्र अक्षराचा आकार ठाऊक असून भागत नाहीं. अक्षर कोणतें तें कळावें लागतें.

संगणकावर मराठी आली ती या दोन निरनिराळ्या वाटांनीं. एक वाट ध्वनीची. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं या वाटेनें काम केलें, आणि १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर तें तेथें वाढीस लागलें. १९९१ सालीं 'इस्की' हें भारतीय मानक ठरलें. त्याच सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. दुसरी वाट आकाराची, म्हणजे जुन्या जुळाऱ्याचीच. एका बाइटांत २५६ जागा असतात. त्या जागीं रोमन अक्षरांऐवजीं नागरी आकार भरावयाचे कीं झाला मराठी फाँट. ही सोय स्वस्त व सुटसुटीत असल्यामुळें छापखान्यांनीं तीच उचलली. परंतु कोणत्या जागीं कोणता आकार बसवावा याविषयीं एकवाक्यता नव्हती. श्रीलिपीचें कोष्टक निराळें, आकृतीचें निराळें. फाँट गेला कीं मजकुराचा अर्थहि गेला.

असा मजकूर युनिकोडमध्यें आणणारा प्रोग्रॅम काय करतो? तो प्रत्येक आकाराचा अंक कोष्टकांत पाहतो; वेलांटी भेटली कीं ती हातांत धरून ठेवतो, पुढचें जोडाक्षर संपूर्ण वाचतो व मग ती खालीं ठेवतो. रफार भेटला कीं उलट मागें जातो, मात्रा व जोडाक्षर ओलांडतो व 'र' आधीं नेऊन बसवितो. हें काम अर्धवट झालें तर मौज होते. मराठींत 'आचार्यांस' आणि 'आचाऱ्यांस' हे दोन शब्द आहेत. एकांत रफार आहे, दुसऱ्यांत आडवा अर्धा 'र'. हिंदीसाठीं लिहिलेल्या कोष्टकास हा भेद ठाऊक नसला तर तो स्वयंपाकघरांतील माणसास पाठशाळेंत बसवितो आणि कोणास पत्ताहि लागत नाहीं.

पण कोष्टक अचूक असलें तरी काम संपत नाहीं. ज्या भाषेंत तो प्रोग्रॅम लिहिला ती भाषाच मागें पडते. पास्कल ही भाषा निक्लाउस विर्ट यांनीं झुरिच येथें १९७० च्या सुमारास रचली, ती मुख्यतः विद्यार्थ्यांस शिस्त लावण्यासाठीं. १९८३ सालीं 'टर्बो पास्कल' निघाल्यावर ती घरगुती संगणकावरहि आली. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत रचलेली सी ही भाषा आडदांड, पण चपळ. पुढें सगळीकडे तीच पसरली. म्हणून पास्कलमधील जुने प्रोग्रॅम सींत आणणें प्राप्त झालें.

वरवर पाहतां हें काम कारकुनी वाटतें. पास्कलमध्यें 'बिगिन' आणि 'एंड', तेथें सींत महिरपी कंस, एवढेंच. खरी अडचण न दिसणाऱ्या ठिकाणीं असते. पास्कलमध्यें रांगेची मोजणी एकापासून धरतां येते, सींत ती शून्यापासूनच. म्हणजे सगळें कोष्टक एका घरानें सरकण्याचें भय. टर्बो पास्कल शब्दाची लांबी पहिल्या बाइटांत लिहितें, सी शब्दाच्या शेवटीं शून्य ठेवते. परंतु मराठीच्या दृष्टीनें सर्वांत घातक गोष्ट निराळीच आहे. पास्कलमध्यें बाइटाची किंमत ० ते २५५ अशी सांगून ठेवतां येते. सींत मात्र साध्या अक्षरास ऋण चिन्ह असावें कीं नसावें हें त्या त्या कंपायलरच्या मर्जीवर सोपविलें आहे. आणि पुष्कळ कंपायलर तें असतें असें धरतात. मग २०० हा अंक वाचला असतां तो उणे ५६ होतो, आणि प्रोग्रॅम कोष्टकाच्या बाहेर, भलत्याच ठिकाणीं हात घालतो. रोमन अक्षरांचे अंक १२८ च्या आंत असल्यानें इंग्रजी मजकुरास धक्काहि लागत नाहीं. नागरी आकार मात्र बव्हंशीं त्या वरच्या अर्ध्यांत भरलेले. इंग्रजी पान घालून परीक्षा घेतली तर प्रोग्रॅम निर्दोष ठरतो. मराठी पान घातलें कीं कोसळतो. भाषांतर करणारास मूळ मजकुराची भाषा येत नसली म्हणजे काय होतें, तें येथें अक्षरशः दिसतें.

हें काम शास्त्रशुद्ध रीतीनें कसें करावें याचा उत्तम पाठ डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन गणिती ग्रंथकाराच्या परंपरेंत सांपडतो. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं १९७७ सालीं आलेलीं मुद्रितें त्यांस इतकीं कुरूप वाटलीं कीं, पानें जुळविणारा 'टेक्' आणि अक्षरें रेखाटणारा 'मेटाफाँट' असे दोन प्रोग्रॅम त्यांनीं स्वतः रचले. १९८२ नंतरचें त्यांचें रूप पास्कलमध्यें आहे. मेटाफाँटनें काढलेले ठिपक्यांचे आकार आटोपशीर रूपांत बांधणारा 'जी.एफ.-टू-पी.के.' हा रूपांतराचा प्रोग्रॅम टोमास रोकिकी यांनीं १९८५ सालीं लिहिला, तोहि पास्कलमध्येंच. पुढें १९८७ पासून रोकिकी आणि नंतर टिम मॉर्गन व कार्ल बेरी यांनीं हे सर्व प्रोग्रॅम सींत उतरविण्याची व्यवस्था केली.

याचा मराठीशीं संबंध असा. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स व्हेल्टहुइस यांनीं १९९१ च्या सुमारास मेटाफाँटमध्यें देवनागरी अक्षरें रेखाटलीं, आणि वेलांटी योग्य जागीं नेऊन ठेवणारा एक प्रोग्रॅम सींत लिहिला. त्यांत मुंबई वळणाचीं आणि कलकत्ता वळणाचीं अक्षरें निवडण्याची सोय आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत वावरणाऱ्या नागपूरकरास तिचें महत्त्व सांगावयास नको. त्या काळीं या साधनानें जें देवनागरी पान ठिपक्यांच्या फाँटांतून छापलें गेलें, त्याच्या अक्षरांस रोकिकींच्या त्या पास्कल प्रोग्रॅमांतून, आणि बहुधा त्याच्या सी अवतारांतूनच, वाट काढावी लागली.

या रूपांतराची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. क्नुथ यांचा मूळ पाठ कोणी खोडीत नाहीं. ज्या यंत्रावर तो न्यावयाचा त्यासाठीं लागणारे फेरफार एका वेगळ्या फाइलींत लिहावयाचे: मुळांतील अमुक ओळी, त्यांच्या जागीं तमुक ओळी. यंत्र दोहोंचा मेळ घालतें व मग त्याचें सींत रूपांतर करतें. मूळ एक, पाठभेद अनेक, आणि प्रत्येक पाठभेदाची नोंद. ही रीत मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति तयार केली, तिच्या पायाशीं हीच शिस्त आहे. वि. सी. सुखटणकर १९२५ पासून १९४३ पर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. १९६६ सालीं तें काम पुरें झालें. तेथें पानाच्या वरच्या भागीं निश्चित केलेली संहिता आणि खालीं हस्तलिखितांचे पाठ. वाचकास न सांगतां संपादकानें कांहीं बदललें असें होत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जुना प्रोग्रॅम टाकून नवा लिहावा. यावर आमचें उत्तर असें कीं, जुन्या प्रोग्रॅमांत केवळ आज्ञा नसतात. ज्यानें तो फाँट हातीं धरून एकेक आकार तपासला त्याचें ज्ञान असतें. अमुक जागीं 'द्ध' आहे, अमुक जागीं रफारासह अनुस्वार आहे, हें आतां दुसरीकडे कोठें लिहिलेलें नसण्याचाच संभव अधिक. दुसरा म्हणेल, पास्कलचे कंपायलर आजहि मिळतात, मग भाषा बदलावीच कां? हा आक्षेप रास्त आहे. जेथें मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो तेथें तो तसाच चालवावा. पण टर्बो पास्कलमधील प्रोग्रॅम पुष्कळदां त्या काळच्या यंत्राच्या पडद्याशीं व स्मृतीशीं इतके जखडलेले असतात कीं ते उचलून नेतांच मोडतात. आणि ते दुरुस्त करणारा तरुण पास्कल शिकलेला असेलच असें नाहीं. शिवाय नवा प्रोग्रॅम बरोबर आहे हें ठरविण्यासहि जुना लागतोच. तेंच पान दोघांस द्यावें आणि दोघांचीं उत्तरें बाइटागणिक ताडून पाहावींत. याहून खात्रीची परीक्षा नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं किंवा संस्थेंत असा जुना मजकूर असेल त्यांनीं त्याची मूळ फाइल रूपांतरानंतरहि टाकूं नये. ती ज्या फाँटांत लिहिली त्याचें नांव, आणि शक्य तर तो फाँटहि, तिच्याबरोबर ठेवावा. त्या मजकुराचें एक छापील पान जपावें, कारण किल्ली हरवली तर तेंच पान कुलूप उघडतें. आणि ज्यांनीं रूपांतराचे प्रोग्रॅम लिहिले आहेत त्यांनीं ते उघड्या रूपांत ग्रंथालयांच्या स्वाधीन करावे. क्नुथ यांचा प्रोग्रॅम चार दशकें टिकला तो त्यांच्या प्रतिभेनें जितका, तितकाच त्याचा सबंध पाठ कोणासहि वाचतां येत होता म्हणून.

शेवटीं मोडीविषयीं दोन शब्द. छापखान्याच्या बाहेर राहिलेल्या या लिपीस २०१४ सालीं युनिकोडमध्यें जागा मिळाली. तो प्रस्ताव मांडणारे अंशुमन पांडे हेच व्हेल्टहुइस यांच्या देवनागरी साधनाची पुढें देखभाल करणाऱ्यांपैकीं एक होत. एक लिपि पुढें नेण्यांत ज्याचा हात बसला त्यासच दुसरीची हाक ऐकूं आली, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. मोडीच्या बाबतींत ही तजवीज होण्यास दोनशें वर्षें लागलीं आणि तोंवर वाचणारे उरले थोडे. संगणकावरील आपल्या पहिल्या पिढीच्या मराठीस तितका काळ थांबतां येणार नाहीं. कागद शंभर वर्षें वाट पाहतो, फ्लॉपी पाहत नाहीं.