कीटोजेनिक आहाराची सुरुवात अवघड का जाते? : शंभर वर्षांचा इतिहास

प्रस्तावना

कीटोजेनिक आहार, म्हणजे बोलण्यातला 'कीटो', आता वसतिगृहांपर्यंत पोचला आहे. बेंगळुरूत अभियांत्रिकी शिकवताना दरवर्षी असा एखादा तरी विद्यार्थी भेटतो, की ज्याने मेसमधला भात आणि इडली एका दिवसात सोडली, तिसऱ्या दिवशी तो डोके धरून बसला आणि आठवडाभरात 'आपल्यात तेवढी जिद्द नाही' म्हणून त्याने नाद सोडला. दोष जिद्दीचा असतोच असे नाही. सुरुवातीला येणाऱ्या बहुतेक अडचणी डॉक्टर, प्रवासी आणि संशोधक यांनी आधीच अनुभवल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अडचणींची कारणेही शोधली होती. या टिपणात आपण त्या शोधाचा इतिहास पाहू.

१. मुळात हा आहार कोणासाठी?

हा आहार वजनासाठी जन्मला नाही. तो अपस्मारासाठी, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी तयार झाला. उपवासात फिट कमी होतात, हे निरीक्षण जुने आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ह्यू कॉन्क्लिन रुग्णांना दोन-तीन आठवडे केवळ पाण्यावर ठेवत. पण माणसाला कायम उपाशी ठेवता येत नाही. १९२१ मध्ये रोलिन वुडयाट यांनी दाखवले, की उपवासात रक्तात दिसणारी कीटोन द्रव्ये कर्बोदके फार कमी आणि स्निग्ध पदार्थ फार जास्त असलेल्या आहारातही दिसतात. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी हा आहार अपस्मारासाठी सुचवला आणि त्याला 'कीटोजेनिक' हे नाव दिले.

तेथीलच पीटरमन यांनी त्याचे माप ठरवले : शरीराच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि उरलेली सर्व ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून. आपल्या मध्यम आकाराच्या एका पोळीतच साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एका पोळीत दिवसाचा कोटा संपला.

पुढे रूढ झालेल्या ४:१ या प्रमाणाचा हिशेब करून पाहा. ४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि १ ग्रॅम प्रथिने व कर्बोदके मिळून. स्निग्धातून ४ × ९ = ३६ किलोकॅलरी, उरलेल्यातून १ × ४ = ४. एकूण ४० पैकी ३६, म्हणजे ९० टक्के ऊर्जा तेल, तूप, लोणी यांतून.

२. पहिली अडचण : उपवासानेच सुरुवात करावी का?

आहाराचा जन्म उपवासातून झाल्यामुळे त्याची सुरुवातही उपवासानेच होई. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या रूढ पद्धतीत मुलाला दाखल करून आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवत आणि मग आहार टप्प्याटप्प्याने वाढवत. कीटोन लवकर वाढत, पण काही मुलांची रक्तशर्करा फार खाली जाई आणि रक्तातील आम्लता वाढे.

हा उपवास खरोखर गरजेचा आहे का? २००५ मध्ये बर्गक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात ४८ मुलांवर याची चाचणी घेतली. निम्म्या मुलांना उपवासाने सुरुवात करून दिली, उरलेल्यांना १:१, २:१, ३:१ असे चढत ४:१ वर नेले. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत फिटवरील परिणाम सारखाच होता आणि सावकाश चढलेल्या गटाला त्रास कमी झाला. ऐंशीहून अधिक वर्षे आवश्यक मानलेली पायरी परिणामासाठी आवश्यक नव्हती.

३. दुसरी अडचण : पहिल्या आठवड्यातील अशक्तपणा

लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाट्का याने १८७९-८० मध्ये आर्क्टिक प्रदेशात स्लेजवरून तीन हजार मैलांहून अधिक प्रवास केला. केवळ रेनडिअरच्या मांसावर राहू लागल्यावर आधी अंगात बळ उरत नाही, पण दोन-तीन आठवड्यांत ते परत येते, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे.

शंभर वर्षांनी ही नोंद प्रयोगशाळेत तपासली गेली. १९८० मध्ये स्टीफन फिनी आणि सहकाऱ्यांनी सहा स्थूल व्यक्तींना कमी ऊर्जेच्या कीटोजेनिक आहारावर ठेवले आणि जीवनसत्त्वे व क्षार वेगळे दिले. थकेपर्यंत ट्रेडमिलवर चालण्याचा त्यांचा वेळ पहिल्या आठवड्यानंतर मूळच्या ८० टक्क्यांवर आला, सहाव्या आठवड्यानंतर १५५ टक्क्यांवर गेला. प्रयोग आठ दिवसांत थांबवला असता, तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले, इंधन बदलायला वेळ लागतो. एरवी मेंदू ग्लुकोजवर चालतो. दीर्घ उपवासात तो मुख्यतः कीटोन द्रव्यांवर चालू शकतो, हे ओवेन, केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवले. दुसरे कारण पाणी आणि मीठ. यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. ग्लायकोजेन संपले की ते पाणी निघून जाते. शिवाय इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात वजनकाटा खाली येतो तो बराचसा यामुळेच. डोके दुखणे, उठताना गरगरणे, पायात गोळे येणे या तक्रारींत पाणी आणि क्षारांच्या या घटीचा मोठा वाटा असतो. अशा वेळी नुसते पाणी पीत राहणे पुरेसे नसते. मात्र रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.

४. तिसरी अडचण : पोळी सोडली, तूपही सोडले

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात संशोधक-प्रवासी स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी अँडरसन यांच्यावर वर्षभर केवळ मांसाहाराचा प्रयोग सुरू झाला. सुरुवातीला स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले. तिसऱ्या दिवसापर्यंत मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी परत देताच दोन दिवसांत तब्येत सुधारली. मांस तेच, फरक फक्त चरबीचा.

विद्यार्थ्यांचीही अनेकदा हीच चूक होते. भात-पोळी बंद, आणि 'चरबी वाईट' म्हणून अंड्याचा पिवळा बलकही बंद. मग शरीराला ऊर्जा मिळणार कुठून?

५. चौथी अडचण : आपले ताट

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आले. गोळी घेणे सोपे, तोलूनमापून खाणे कठीण, म्हणून हा आहार मागे पडला. पुढचे प्रयत्न तो सुसह्य करण्याचे होते. १९७१ मध्ये हटनलॉकर यांनी मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचे तेल वापरले. त्याने कीटोन जास्त बनतात, म्हणून ताटात थोडी अधिक कर्बोदके बसतात. पण पोटदुखी आणि जुलाब मागे लागले. २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून 'सुधारित ॲटकिन्स आहार' पुढे आला. त्यात उपवास नाही, प्रत्येक घास तोलणे नाही. फक्त कर्बोदकांवर कडक मर्यादा.

भारतात अडचण आणखी मोठी होती. वरण-भात, भाकरी, पोहे, सांबार या सर्वांचा पाया कर्बोदकांचा. शाकाहारी घरात प्रथिनांसाठी डाळ घ्यावी, तर तिच्यातही निम्म्याहून अधिक कर्बोदके. मुंबईचे बालमेंदुविकारतज्ज्ञ जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांवरील या आहाराचा अनुभव २००९ मध्ये 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये मांडला. २०१३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील सुवासिनी शर्मा, शेफाली गुलाटी आदींनी औषधांना दाद न देणाऱ्या १०२ मुलांवर सुधारित ॲटकिन्स आहाराची चाचणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी फिट निम्म्याहून कमी झालेली मुले आहारगटात ५२ टक्के, तर दुसऱ्या गटात ११.५ टक्के होती. सर्वांत जास्त आढळलेली तक्रार बद्धकोष्ठतेची होती.

६. मर्यादा

या इतिहासातील बहुतेक प्रयोग देखरेखीखाली झाले, हे विसरू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्यांना, गरोदर स्त्रियांना, मूत्रपिंड-यकृताचे विकार असणाऱ्यांना आणि स्निग्धांच्या चयापचयात जन्मजात दोष असणाऱ्यांना हा आहार धोक्याचा ठरू शकतो. सतत उलट्या, धाप, गुंगी किंवा छातीत धडधड ही 'सवय होईल' म्हणून सोसण्याची लक्षणे नव्हेत. तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

समारोप

यंत्र सुरू होताना अडले, तर आपण त्याला आळशी म्हणत नाही. इंधन, पाणी, जोडणी असे एकेक तपासतो. या आहाराच्या इतिहासात प्रगती झाली ती अशीच : उपवास काढून पाहिला, चरबी परत दिली, क्षार पुरवले, ताट बदलले. ज्या आईला मुलाची फिट थांबवायची आहे, तिला अपयशाचा दोष नको असतो, पुढची दुरुस्ती हवी असते. वजनासाठी हा आहार घेणाऱ्यानेही आधी त्रासाचे कारण शोधावे. आणि कारण शोधल्यावर 'हा आहार आपल्यासाठी नाही' असे उत्तर निघाले, तर तेही योग्यच उत्तर आहे.

विचारासाठी प्रश्न

१. फिनी यांचा प्रयोग एका आठवड्यात संपला असता, तर कोणता चुकीचा निष्कर्ष निघाला असता?
२. २००५ च्या चाचणीत दोन गट का करावे लागले?
३. तुमच्या मेसच्या एका दिवसाच्या जेवणातील कर्बोदके मोजा आणि पीटरमन यांच्या मापाशी ताडून पाहा.