हुतुतूचें नियमबंधन व क्रीडासंघांचीं दप्तरें

पोथ्या, बखरी, ताम्रपट, महजर व हिशेबाचीं बाडें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु एखाद्या क्रीडासंघाची नियमावली, त्याच्या सभावृत्तांताची वही, वर्गणीचें पुस्तक, यांसही साधनांच्या पंक्तींत पान मांडावें किंवा कसें, या प्रश्नाकडे संग्राहकांचें लक्ष क्वचितच जातें. प्रस्तुत लेखांत हुतुतू या खेळाच्या नियमबंधनाचा वृत्तांत देऊन, या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी कां असावें, हें दाखविण्याचा हेतु आहे.

प्रथम एक परदेशचा दाखला घेऊं. ऑस्ट्रेलिया खंडांत फुटबॉलचा जो एक स्वतंत्र प्रकार रूढ आहे, त्याचा आरंभ मेलबर्न शहरीं झाला. क्रिकेटच्या खेळाडूंनीं हिवाळ्यांत शरीर कसलेलें ठेवावें, या उद्देशानें टॉम विल्स यानें जुलै १८५८ मध्यें तेथील एका क्रीडापत्रांत पत्र लिहून फुटबॉलचा संघ काढण्याची सूचना केली. पुढें १७ मे १८५९ रोजीं विल्स, हॅमर्स्ले, थॉम्प्सन व स्मिथ या मंडळींनीं बसून मेलबर्न फुटबॉल क्लबाचे दहा नियम लिहून काढले. तो हस्तलिखित कागद दीर्घकाल दृष्टीआड होता, इ. स. १९८० मध्यें तो मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावरील जुन्या सामानांत सांपडला. आज त्या देशांत त्याची जपणूक एखाद्या सनदेप्रमाणें होते. त्याच भूमीचे मूळ रहिवासी ‘मार्नग्रूक’ नांवाचा चेंडूचा खेळ खेळत असत. त्याची छाया या नव्या खेळावर पडली कीं नाहीं, यावर तेथील पंडितांत अद्याप वाद आहे. त्याचें कारण उघड आहे. एका पक्षापाशीं कागद आहे, दुसऱ्यापाशीं केवळ स्मृति आहे. आणि वादांत कागदाचें पारडें नेहमींच जड होतें.

आतां आपल्याकडे वळूं. राजाश्रयाखालील क्रीडांविषयीं आपलें संस्कृत वाङ्मय मुकें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत (सुमारें ११३०) मल्लविनोद आहे, तसेंच घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचेंही वर्णन आहे. ज्येष्ठीमल्लांचें ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९६४ सालीं छापून निघालें. परंतु गांवच्या पोरांच्या खेळास असा कोणी सूत्रकार लाभला नाहीं. संतवाङ्मयांत त्यांचीं नांवें मात्र विपुल येतात. तुकारामबोवांच्या गाथेंत विटीदांडू, टिपरी, हमामा, फुगडी यांवर रूपकात्मक अभंग आहेत. यावरून ते खेळ सतराव्या शतकांत सर्वांच्या परिचयाचे होते, इतकें निश्चित होतें. गडी किती, बाद केव्हां, हें त्यांवरून ठरत नाहीं. खेळाचें अस्तित्व कवि सांगतो, खेळाचा कायदा सांगत नाहीं.

तो कायदा लिहिण्याचें काम विसाव्या शतकांतील लोकस्थापित संस्थांनीं केलें. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं निघाला. पुढें शहराच्या एका संबंध भागास त्याचेंच नांव पडलें. १९१४ मध्यें त्यानें खोखोचे नियम ठरविण्याचें काम हातीं घेतलें. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ सालीं हुतुतूचे नियम करून अखिल भारतीय सामने भरविले आणि १९२४ मध्यें खोखोचे नियम प्रसिद्ध केले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चें. त्याच्या पथकानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. त्याच वर्षीं बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या ‘व्यायामज्ञानकोशा’चा पहिला खंड निघाला, पुढें त्याचे दहा खंड झाले. १९३८ मध्यें कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडासामन्यांत हा खेळ दाखल झाला. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, ती ‘कबड्डी’ या नांवानें. आणि १९९० मध्यें बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्यास पदकाचें स्थान मिळालें. गांवोगांवचा हुतुतू, बंगालचा हाडुडू व दक्षिणेकडील चेडुगुडु हे तिन्ही एका नांवाखालीं आले.

नियम लिहिले गेल्यानें खेळाचें काय झालें, हें त्यांतील परिभाषेवरून उत्तम कळतें. या खेळाचे पूर्वीं तीन प्रकार प्रचलित होते. बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होतांच पुन्हा जिवंत होतो, ती संजीवनी. सर्व गडी बाद होईपर्यंत गेलेला गडी बाहेरच राहतो, ती गामिनी. आणि स्पर्श झाला तरी गडी मैदानांतच राहतो, फक्त गुण मोजले जातात, तो अमर. संजीवनी हें नांव ऐकतांच आदिपर्वांतील कच व शुक्राचार्य यांची कथा आठवते. हीं नांवें शेतांतील गड्यांच्या तोंडचीं दिसत नाहींत. संस्कृत शिकलेल्या कोणीं तरी तीं योजिलीं असावीं, असा तर्क होतो. ‘निदानरेषा’ हा शब्दही त्याच थरांतील. उलट ‘दम’ हा फारसी, ‘चढाई’ व ‘पकड’ हे शिपाईगिरीच्या व कुस्तीच्या भाषेंतील. परंतु सर्वांत जुना थर ‘लोण’ या शब्दांत दिसतो. लवण याचें प्राकृत रूप लोण, हें हेमचंद्राच्या व्याकरणांत नमूद आहे. आट्यापाट्यांत सर्व पाट्या ओलांडून परत येणारा गडी ‘लोण’ आणतो. तोच शब्द हुतुतूंत शिरून प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद करण्यास लागला, व आजही त्याचे दोन गुण अधिक मिळतात. कबड्डीच्या नियमांत हाच शब्द आहे. शिरोड्याच्या मिठागरांजवळ राहणाऱ्या आम्हां लोकांस त्याचें विशेष वाटावें, हें स्वाभाविक आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, छापील नियमावली ही केवळ खेळाडूंच्या सोयीची वस्तु नसून भाषेच्या व समाजाच्या इतिहासाचें साधन आहे. दुसरी, ती साधन असली तरी अपुरें साधन आहे. संस्थेनें एक प्रकार ग्राह्य धरला कीं इतर प्रकार मागें पडतात. संजीवनी टिकली, गामिनी व अमर यांस मुख्य सामन्यांत स्थान उरलें नाहीं. मेलबर्नमध्यें जें मार्नग्रूकचें झालें, तेंच आपल्याकडे कित्येक स्थानिक रीतींचें झालें. म्हणून मोठ्या संस्थांच्या पुस्तकांबरोबर लहान संघांचीं दप्तरेंही पाहिलीं पाहिजेत.

या बाबतींत आमच्या कणकवली-मालवण पट्ट्याचा संबंध निकटचा आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या कुणग्यांत खेळणारी पोरें पुढें पोटासाठीं मुंबईस गेलीं, आणि लालबाग, परळ, प्रभादेवी येथील चाळींतून हुतुतूचे संघ उभे राहिले. गिरणीची पाळी संपल्यावर रात्रीं दिव्याच्या उजेडांत सराव होई. गांवकीचें मंडळ, व्यायामशाळा व खेळाचा संघ यांचा कारभार पुष्कळदां एकाच पेटींत राही. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पुढें चाळींच्या जागीं उंच इमारती आल्या. घर बदलतांना देव्हारा बरोबर नेला जातो, संघाची पेटी नेली जातेच असें नाहीं.

ज्या वहीवर कोणा गिरणीकामगारानें चार आण्यांची वर्गणी मांडली, सामन्याचा तंटा कसा तुटला तें लिहिलें, आणि कोण कोणत्या गांवचा तें नोंदलें, ती वही उद्यांच्या अभ्यासकास महजराइतकीच मोलाची ठरेल. तींत स्थलांतर आहे, मजुरी आहे, जातीजातींतील संबंध आहेत, आणि मराठी बोलीही आहे. संग्राहकांस विनंति इतकीच, कीं जुन्या घरीं पोथ्यांची चौकशी करतांना संघाच्या पेटीचीही चौकशी करावी. कागद मिळाल्यास मालक, गांव व मिळाल्याची मिति टिपून ठेवावी. आणि ज्या वृद्ध गड्यांस गामिनी खेळल्याचें स्मरण आहे, त्यांच्याकडून ती रीत लिहवून घ्यावी. पोथी शंभर वर्षें वाट पाहूं शकते. माणूस पाहूं शकत नाहीं.