मराठीतून मराठीत

१९७२ साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, तो विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. संग्रहातले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, त्यांचे अर्थ आपण कवीलाच विचारले, हे तेंडुलकरांनी तिथे मोकळेपणाने सांगितलं आहे. कवीबरोबर ते त्या वस्तीत हिंडूनही आले. मी अनुवाद करते, त्यामुळे आधुनिक मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली ही नोंद मला एखाद्या वादापेक्षा किंवा जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते. मुंबईत राहणाऱ्या, मराठीतल्या आघाडीच्या नाटककाराला त्याच शहरातली मराठी समजावून घ्यावी लागली.

अंतर तसं काहीच नव्हतं. मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाचा पत्ता तेव्हा गिरगाव होता. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ तिथल्या. तिथून कामाठीपुरा चालत जाण्याजोगा. तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून नाव पडलेल्या त्या भागात मराठी, हिंदी, दखनी, तेलुगू यांची सरमिसळ होऊन जे बोललं जाई, ते छापायची गरज कुणाला वाटली नव्हती.

‘सत्यकथे’विरुद्ध बंड त्याआधीच झालं होतं. सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं निघत होती. १९६३ साली अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं, १९६९ मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथा’ जाळली. पण या सगळ्या मंडळींना एकाच उपसंस्कृतीत बसवणं मला पटत नाही. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते, म्हणजे बाजाराच्या अगदी पोटात. परीघ हा त्यांनी पसंत केलेला मुक्काम होता. ढसाळांनी तो निवडला नव्हता. पुण्याजवळच्या खेड्यातून आलेलं महार कुटुंब, ढोर चाळीतलं बालपण, पुढे टॅक्सी चालवणं. त्याच १९७२ मध्ये ते दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक झाले.

अनुवादातही हा फरक दिसतो. कोलटकरांनी मॅनेजरकडे पगार मागणाऱ्या माणसाची कविता बम्बैया हिंदीत लिहिली आणि ‘थ्री कप्स ऑफ टी’ या नावाने स्वतःच अमेरिकी रस्त्यावरच्या इंग्रजीत नेली. एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर, तेही मजेत. ढसाळांची कविता अशी दुसऱ्या नाक्यावर ठेवता येत नाही. दिलीप चित्रे यांनी २००७ मध्ये तिचं इंग्रजी पुस्तक केलं. काम जबरदस्त आहे. तरी इंग्रजी वाचकाला सगळंच परकं, त्यामुळे सगळं सारखंच परकं. आपल्याच भाषेत आपण अडाणी ठरतो, हा मराठी वाचकाला बसलेला धक्का तिथे बसूच शकत नाही. हिंदीत किंवा बांगलात नेतानाही हीच अडचण येते. तिथल्या शहरांच्या बोलींना त्यांची त्यांची जात आहे, आणि एकीची जागा दुसरी घेत नाही. तळटीप शब्दाचा अर्थ देते. तेंडुलकरांना तो कुणाकडून मागावा लागला, हे तिच्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट या इतिहासात नेहमी शेवटी येते, म्हणजे बहुतेक वेळा येतच नाही. अनियतकालिकांच्या या जगात बायका जवळजवळ नव्हत्या. ‘गोलपिठा’त त्या पानोपानी आहेत, पण कुणीतरी लिहिलेल्या. शाहीर अमर शेख यांची मुलगी, स्वतः कवयित्री आणि ढसाळांची पत्नी मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ मध्ये आलं. बंडखोराच्या घरात दाराआड काय चालतं ते त्यांनी लिहिलं, आणि त्यासाठी त्यांना कुठल्याही वस्तीतला शब्द लागला नाही. तेंडुलकरांना, मला, कुणालाही पहिल्या वाचनात कळेल अशी ती मराठी. तरी हे पुस्तक वर्षानुवर्षं बाजारात मिळत नव्हतं. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये आला, ढसाळ गेल्यानंतर दोन वर्षांनी.