कस्टर्डातली उडी

शेक्सपिअरच्या ज्या नाटकांनी मराठी रंगभूमीला वेड लावले, त्यांत ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’ या नाटकाची गणना होत नाही. तरीही आजच्या आमच्या विषयाला त्यातलाच एक लहानसा प्रसंग उपयोगी पडणार आहे. एक वृद्ध सरदार एका बढाईखोर शिपायाची खरडपट्टी काढतो. ‘कस्टर्डात उडी घेणारा तो माणूस’ जसा बुटांसकट आत शिरला, तसा तू माझ्या गैरमर्जीत शिरला आहेस, असे तो त्याला सुनावतो. तो माणूस कोण, हे नाटककाराने सांगितलेले नाही. पुढे बसलेल्या प्रेक्षकांना तो ठाऊक होता. आपल्याला मात्र त्याचा माग काढावा लागतो.

हा माग बेन जॉन्सनच्या १६१६ सालच्या ‘द डेव्हिल इज ॲन ॲस’ या नाटकात लागतो. तेथे शेरीफच्या मेजवानीच्या अखेरीस मेजावर चढून यमक म्हणणाऱ्या आणि कस्टर्डात उडी टाकून लॉर्ड मेयरच्या पत्नीला पोट धरून हसायला लावणाऱ्या विदूषकाचा उल्लेख आहे. म्हणजे लंडनच्या नगरभोजनातला हा ठरीव विनोद होता. प्रतिष्ठितांच्या पंगतीत खाद्यपदार्थाची अशी फटफजिती झाली की माणसे आजही हसतात. १९२७ साली लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘द बॅटल ऑफ द सेंचुरी’ या मूकपटात हजारो ‘पाय’ एकमेकांच्या तोंडावर फेकले गेले. या जातीच्या विनोदाला इंग्रजीत ‘कस्टर्ड-पाय’चाच विनोद म्हणतात. मेयरच्या मेजावरील विदूषकाचेच हे वंशज, असे आम्ही समजतो.

परंतु येथे कोणाही गृहिणीला शंका येईल. वाटीत घालून चमच्याने खायच्या पातळ पदार्थात माणूस उडी कशी घेणार? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शब्दाच्या पोटात दडलेले आहे. ‘कस्टर्ड’ हे मुळात आतल्या पदार्थाचे नाव नव्हे, ते त्याच्या भांड्याचे नाव होय. पिठाच्या कडक कवचाला ‘क्रस्ट’ म्हणतात, त्यावरून ‘क्रस्टार्ड’, आणि त्याचेच पुढे ‘कस्टर्ड’ झाले. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या पाकग्रंथात मांसाचे आणि मासळीचे ‘क्रस्टार्ड’ आढळते. कवचात मांसाचे तुकडे भरीत आणि ते अंड्यांनी बांधून घेत. पुढे मांस मागे पडले, अंडी व दूध शिल्लक राहिले आणि साखर आली. भांडे नाहीसे झाल्यावरही त्याचे नाव आत उरलेल्या पदार्थाला चिकटून राहिले. हा पदार्थ आळून घट्ट झालेला असे. १४२९ साली सहाव्या हेन्रीचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तो आठ वर्षांचाही नव्हता. त्या वेळच्या मेजवानीच्या यादीत एक राजेशाही कस्टर्ड आहे, आणि त्यात सोनेरी चित्ता बसवलेला आहे. चित्त्याला बैठक देणारा पदार्थ पातळ असून भागणार नाही.

कापता येणारे कस्टर्ड म्हणजे काय, हे खरवस खाल्लेल्या मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. व्यायलेल्या गाईच्या पहिल्या चिकातील प्रथिने वाफेच्या उष्णतेने आळतात, आणि अंड्यातील प्रथिनांचेही तसेच होते. आच मात्र बेताची हवी. जास्त झाली की अंड्याचे कस्टर्ड फुटते आणि पाणी वेगळे होते.

मऊपणाचा अर्थही या शब्दाला फार लवकर चिकटला. वेस्ट इंडीजमधल्या इंग्रजांनी १७व्या शतकातच रामफळाच्या जातीच्या फळाला ‘कस्टर्ड ॲपल’ म्हटले. आपल्या सीताफळाचे इंग्रजी नाव त्याच घराण्यातले.

आता आपण १८३७ या सालाकडे येऊ. या एकाच वर्षी युरोपच्या दोन टोकांना कस्टर्डाच्या दोन परस्परविरुद्ध कहाण्या सुरू झाल्या. पोर्तुगालमध्ये १८३४ साली धर्मसंघ बरखास्त झाले. त्यानंतर तीन वर्षांनी लिस्बनजवळच्या बेलें येथे, जेरोनिमुश मठाच्या शेजारी, बलकाच्या कस्टर्डाने भरलेल्या लहान कवच्या दुकानात विकू लागले. मठांत पांढऱ्या बलकाची खळ करून वस्त्रांना देत, पिवळा बलक उरे, त्यातून ही मिष्टान्ने निघाली, असे सांगतात. कहाणी गोड आहे, पण आमच्या मते ती अपुरी आहे. मदैरा आणि ब्राझील येथून साखर आली नसती, तर उरलेल्या बलकाचे नुसते आम्लेट झाले असते. गोव्याची बेबिंकाही याच परंपरेतली. तिथे दुधाच्या जागी नारळाचा रस आला आणि बलक तसाच राहिला. तिच्या जन्माचे श्रेयही एका जोगिणीला देण्याची प्रथा आहे.

त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये ॲल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्या रसायनज्ञाने नेमके उलटे केले. पत्नी एलिझाबेथ हिला अंडी सोसत नसत आणि कस्टर्ड तर आवडे, म्हणून त्याने मक्याच्या पिठाची भुकटी करून अंड्यावाचून कस्टर्ड बनवले. कारखानदारांच्या अशा प्रेमकथा आम्ही सहसा जपूनच ऐकतो. येथे मात्र एक साक्ष तिच्या बाजूने उभी राहते. एलिझाबेथला यीस्टही चालत नसे असे सांगतात, आणि १८४३ साली याच बर्डने यीस्टवाचून पाव फुगवणारी बेकिंग पावडर तयार केली. दोन शोधांच्या मागे एकाच बाईची प्रकृती असणे अगदी संभवनीय वाटते.

या भुकटीने स्वयंपाकाचा नियमच फिरवला. अंड्याचे कस्टर्ड उकळले की बिघडते, आणि भुकटीचे कस्टर्ड उकळल्यावाचून दाट होत नाही. दुसरा परिणाम आपल्या दृष्टीने अधिक मोठा आहे. ज्या घरांच्या उंबरठ्याच्या आत अंडे येऊ शकत नव्हते, त्या घरांत हा विलायती पदार्थ डब्यातून निर्वेधपणे शिरला. केळी, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे घालून तो ‘फ्रूट कस्टर्ड’ या नावाने लग्नाच्या पंगतीतही आला. कोणी वडीलधारे गृहस्थ वाटी पुढे सरकवण्याआधी विचारीत, “यात अंडे नाही ना?” वाढपी छातीठोकपणे ‘नाही’ म्हणे, आणि ते खरेच असे.

एक गोष्ट मात्र त्या गृहस्थांनी विचारलेली नसे. मक्याचे पीठ पांढरे, दूध पांढरे, मग वाटीतला पदार्थ पिवळाधमक कसा? तो रंग बर्डपासून पुढच्या सर्व कारखानदारांनी मुद्दाम घातलेला आहे, कारण कस्टर्ड बलकाच्या रंगाचे नसेल तर त्याला कस्टर्ड म्हणायला कोणी तयार होईना.