मेंढा (लेखा)

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील, धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे छोटे गाव. गडचिरोलीपासून सुमारे 30 किमी.वर, धानोरा मार्गावर वसलेले. शेजारच्या लेखा गावावरून ते मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते. भात हे येथील मुख्य पीक. त्याला मोहफूल, चारोळी, हिरडा, मध व बांबू यांची जोड असते.

जमीनदारीच्या काळात सरपण, घरबांधणीचे लाकूड व चराई यांसाठी गावाला निस्तार हक्क होते. जमीनदारी संपल्यावर जंगल वनखात्याकडे गेले आणि हे हक्क आक्रसत गेले. बांबू कागद कारखान्याला कंत्राटाने मिळू लागला. 1980 च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, त्यातून गाव जागे झाले. गावाने सागवान वापरून घोटूल (गोंड तरुणांचे सामुदायिक घर) बांधले. वनखात्याने ते पाडले, तेव्हा परिसरातील इतर गावांनीही आपापली घोटुले उभारून उत्तर दिले.

देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ गावाला लाभली. अभ्यास गटात कायदे समजून घ्यायचे आणि ग्रामसभेत सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा करायची, ही येथील रीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच रीतीमुळे सार्थ ठरली.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. या कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला, तरी वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. त्यामुळे ग्रामसभेला तोडलेला बांबू विकता येईना. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेकडे सोपवण्यात आली. तेव्हापासून बांबू ग्रामसभेच्या परवान्यावर बाहेर जाऊ लागला आणि मजुरी व उत्पन्न या दोन्हींचा हिशेब गावात आला.

2013 मध्ये गावाने 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली. कसण्याचा हक्क मात्र कुटुंबांकडेच राहिला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावनेही 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभेमार्फत बांबूचा व्यवहार सुरू केला. जंगलाशेजारी राहणारी माणसे ते राखून त्यावर सन्मानाने जगू शकतात, हे या गावांनी सिद्ध केले आहे.