बँकेच्या वेबसाइटचा पत्ता बदलला: शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, ते आधी बघा

मोबाइलवर बँकेची जुनी वेबसाइट उघडली की वर भलताच पत्ता दिसतो, असा अनुभव अनेक खातेदारांना येत आहे. हॅक झालं की काय, म्हणून माणूस घाबरतो. पण यात घाबरण्यासारखं काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देशातल्या बँकांनी आपल्या वेबसाइट नव्या पत्त्यावर हलवल्या आहेत. मात्र हाच बदल पुढे करून भामटे फसवू शकतात, त्यामुळे तो नीट समजून घेतलेला बरा.

नेमका बदल काय?

वेबसाइटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. पूर्वी कुठल्या बँकेच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम’ असायचं, कुठे ‘डॉट इन’, तर कुठे ‘डॉट को डॉट इन’. असं डोमेन पैसे भरून कोणालाही घेता येतं. त्यामुळे बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन हुबेहूब खोटी वेबसाइट उभी करणं सोपं होतं.

हे रोखण्यासाठी फक्त भारतातल्या बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे वेगळं डोमेन ठेवण्यात आलं. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी ही घोषणा केली. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली. हे डोमेन देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. ते बँकेशिवाय दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

उदाहरणार्थ, स्टेट बँकेचा पत्ता आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ आहे. एचडीएफसी बँकेचा ‘एचडीएफसीबँक डॉट कॉम’ होता, तो ‘एचडीएफसी डॉट बँक डॉट इन’ झाला. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँकांबरोबरच ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे.

जुना पत्ता टाकला तर?

दुकान नव्या जागेत गेलं की जुन्या दारावर पाटी लावतात, तसंच इथे असतं. जुना पत्ता टाकला तरी गिऱ्हाईक आपोआप नव्या पत्त्यावर जातं. याला रीडायरेक्ट म्हणतात. म्हणून वर नाव वेगळं दिसतं.

पत्ता बदलला तरी जुनं डोमेन बँकेला स्वतःकडेच ठेवावं लागतं. त्याची मुदत संपली आणि ते सोडून दिलं, तर दुसरा कोणी ते विकत घेऊ शकतो. मग जुन्या पत्त्याने येणारा खातेदार थेट त्याच्या दारात! म्हणून मोबाइलमध्ये जुना पत्ता जतन केला असेल तर तो काढून नवा जतन करावा.

पत्ता कसा वाचायचा?

आपण घरचा पत्ता लिहिताना आधी गाव, मग तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो. वेबसाइटचा पत्ताही तसाच. खरी ओळख शेवटी असते. वरच्या पट्टीवर बोट टेकवलं की पूर्ण पत्ता दिसतो. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग बघा. तो भाग ‘डॉट बँक डॉट इन’ वरच संपला पाहिजे.

फसवणूक इथेच होते:

- बँकेचं नाव आणि ‘बँक’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर ते वेगळंच डोमेन आहे.
- दोन्ही शब्द टिंब न देता जोडून लिहिले असतील, तरी ते वेगळं.
- ‘बँक डॉट इन’ मध्येच आहे आणि पुढे आणखी टिंब देऊन ‘कॉम’ वगैरे लिहिलंय, तर तेही खोटं समजा.

पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे वेबसाइट खरी, असंही नाही. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बँक आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही.

सातबारा किंवा पीएम किसानच्या सरकारी वेबसाइटलाही हीच पद्धत लावता येते. त्यांचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ वर संपतो.

खातेदाराने काय करायचं?

काहीच नाही. खाते क्रमांक, आयएफएससी कोड, पासबुक, एटीएम कार्ड यातलं काही या बदलामुळे बदलत नाही. म्हणून ‘बँकेचा पत्ता बदललाय, केवायसी करा, नाहीतर खातं बंद होईल’ असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल बँकेच्या नावाची असली तरी उघडू नका. अॅप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच, आणि तिथेही बँकेचं नाव नीट बघून. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही, अगदी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही नाही.

पतसंस्थेचं काय?

गावातली पतसंस्था किंवा विकास सोसायटी कायद्याने बँक नाही, त्यामुळे तिला हे डोमेन मिळत नाही. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पण एखादी संस्था स्वतःला बँक म्हणवते, ठेवी मागते आणि तिचा पत्ता मात्र वेगळाच आहे, तर पैसे देण्याआधी चौकशी करा. आणि एक लक्षात ठेवा, नवं डोमेन ही बँकेची ओळख आहे, ठेवीची हमी नाही.

फसवणूक झालीच तर

लाजून गप्प बसू नका, उद्यावर ढकलू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवून खातं, कार्ड थांबवायला सांगा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वरही तक्रार करता येते. भामटे पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे मधेच अडवण्याची शक्यता जास्त. फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. आलेला मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमध्ये बँकेचा नवा पत्ता आजच जतन करून द्या. खात्री नसेल तर शाखेत जाऊन विचारा.