शीघ्र प्रतिसादी लष्करी अवकाश प्रणाली

युद्धभूमीवरील तातडीची गरज भागवण्यासाठी अल्पावधीत उपग्रह सज्ज करून कक्षेत सोडणारी व कार्यान्वित करणारी व्यवस्था. पारंपरिक लष्करी उपग्रहाच्या उभारणीस अनेक वर्षे लागतात आणि तो निकामी झाल्यास पर्याय लवकर मिळत नाही. या उणिवेवर उपाय म्हणून अमेरिकेच्या संरक्षण विभागाने २००७ मध्ये न्यू मेक्सिकोतील कर्टलंड हवाई तळावर स्वतंत्र कार्यालय स्थापले. २०११ मध्ये मिनोटॉर-१ प्रक्षेपकाने वॉलॉप्स बेटावरून सोडलेला ओआरएस-१ हा टेहळणी उपग्रह त्याचे महत्त्वाचे फलित होय. त्यात यू-२ विमानावरील कॅमेऱ्याची सुधारित आवृत्ती वापरली होती.

उपग्रह, प्रक्षेपक आणि भूकेंद्र यांचे अभियंते एकत्रित आराखडा आखतात, कारण एका घटकातील विलंब संपूर्ण मोहीम रोखतो. हा विलंब टाळण्यासाठी लहान आकार, प्रमाणित जोडण्या, आधीच तयार ठेवलेले सुटे घटक आणि सामाईक नियंत्रण सॉफ्टवेअर यांवर भर असतो. सप्टेंबर २०२३ मधील अमेरिकेच्या ‘व्हिक्टस नॉक्स’ मोहिमेत आदेशानंतर २७ तासांत फायरफ्लाय अल्फा प्रक्षेपकाने व्हॅन्डेनबर्ग तळावरून उड्डाण केले आणि उड्डाणानंतर ३७ तासांत उपग्रह कार्यान्वित झाला. या क्षेत्रातील हा मोलाचा टप्पा ठरला.